वसतिगृहाचं दार गल्लीत उघडू द्या

जून-जुलै आला की जळगाव आणि धुळ्याच्या एसटी स्थानकांवर गाद्यांच्या वळकट्या, बादल्या आणि दादर ज्वारीच्या पिठाचे डबे उतरू लागतात. अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर अशा गावांकडून मुलंमुली शिकायला येतात. काहींना सरकारी वसतिगृहात जागा मिळते, काहींना कॉलेजच्या. बाकीचे धुळ्यात देवपूरला, जळगावात गणेश कॉलनी, पिंप्राळा, मेहरूण या बाजूला तिघं-चौघं मिळून खोली करतात. तीन वर्षं राहतात, डिग्री घेतात आणि निघून जातात. जाताना समोरच्या घरातल्या आजींचं नाव त्यांना ठाऊक नसतं. आजींच्या लेखी ती शेवटपर्यंत ‘वरची पोरं’च असतात.

हे लिहितोय त्या आजींसाठी, त्या पोरांसाठी, घरमालकांसाठी आणि वसतिगृहाच्या गृहपालांसाठी. मागणं एकच आहे. कॉलनी आणि विद्यार्थी, दोघांना सारख्याच हक्कानं बसता येईल अशी एक जागा आणि आठवड्यातली एक वेळ ठरवा.

आधी हे पाहा, की वसतिगृह आता एका इमारतीपुरतं राहिलेलं नाही. 2016-17 पासून राज्यात दोन योजना सुरू झाल्या: आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांच्या बँक खात्यात राहण्या-जेवणाचे पैसे येतात आणि ती मुलं बाहेर खोली शोधतात. पुढे 2018 मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांत जेवण देण्याऐवजी त्याचे पैसे खात्यात जमा करायचं ठरवलं. त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. या सगळ्यामुळे राहणं कॉलनीत आलं आणि जेवण नाक्यावरच्या मेसमध्ये. कुंपणामागचं वसतिगृह गल्लीभर पसरलं, पण गल्लीची वागणूक अजून कुंपण असल्यासारखीच आहे.

दोन्हीकडच्या तक्रारी आपल्याला पाठ आहेत. कॉलनी म्हणते, पोरं रात्री एकपर्यंत गच्चीवर मोठ्यानं बोलतात, गाड्या फाटकासमोर लावतात, घंटागाडी येते तेव्हा झोपलेली असतात आणि मग कचऱ्याची पिशवी रस्त्यावर टाकतात, पाण्याची टाकी वाहू देतात. पोरं म्हणतात, खोली विचारायला गेलो की आधी आडनाव विचारतात. भाडं घेतात पण पाणी मोजून देतात. आमचं पावरी किंवा भिली बोलणं ऐकून हसतात. कॉलनीत काही चोरीला गेलं की पहिली नजर आमच्याकडे वळते. या दोन्ही याद्या खऱ्या आहेत. पण या माणसांची गाठ पडते ती फक्त भांडणाच्या वेळी, व्हॉल्व्हपाशी, फाटकाशी किंवा घरमालकाच्या दारात. एरवी बोलायला जागाच नाही. ज्यांची ओळख भांडणातून सुरू होते, त्यांचं पुढचं बोलणंही भांडणाचंच होतं.

पूर्वी गाव आणि शिकायला आलेला मुलगा यांना जोडणारी एक रीत होती. मुलगा वार लावून जेवायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं त्याला नावानं ओळखायची आणि आजारी पडला तर सात घरांना कळायचं. पण या रीतीचे गोडवे गाताना हेही सांगायला हवं, की तो वार बहुतेक जात पाहून मिळायचा. ज्यांना कुणाच्या ओसरीवर बसूच दिलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी बोर्डिंगं काढावी लागली. 1901 मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकारानं मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. त्यांनी हजारो मुलांना शिकवलं. मात्र मुलगा गल्लीतल्या घरांतून निघून एका इमारतीत गेला, तो गल्लीत परत आलाच नाही. आपल्याला आता वाराची ओळख हवी आहे आणि बोर्डिंगची बरोबरी. दोन्ही एकत्र हव्यात.

खानदेशात याचा एक धडा अमळनेरला आहे. साने गुरुजी 1924 मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत आणि आजारी मुलाजवळ रात्र काढत. ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित ते काढायचे. 1930 मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. छात्रालय म्हणजे कॉटा आणि ताटं यांची मोजदाद नव्हे, तिथं रोज एकमेकांची दखल घेतली गेली पाहिजे, हे त्या दैनिकानं दाखवलं. आज हेच दैनिक आपण एका फळ्यावर उतरवू शकतो आणि तो फळा इमारतीच्या आत न लावता रस्त्याकडच्या भिंतीवर लावू शकतो. उद्या पाणी किती वाजता येणार, कुणाला रक्त हवंय, कुणाची म्हातारी आई दवाखान्यात आहे, कोणत्या मुलीची नर्सिंगला निवड झाली, असं काहीही लिहा. एक ओळ मुलांची, एक ओळ कॉलनीची. खडूचा खर्च कुणालाही परवडेल.

बाहेरच्या जगातही लोक याच वाटेनं गेले आहेत. नेदरलँड्समधल्या डेव्हेन्टर शहरात ह्युमॅनिटास नावाच्या वृद्धाश्रमात विद्यार्थ्यांना फुकट खोली मिळते. अट एवढीच, की महिन्याला तीस तास चांगला शेजारी म्हणून राहायचं: सोबत जेवायचं, गप्पा मारायच्या, कॉम्प्युटर शिकवायचा. डेन्मार्कमध्ये 1972 साली कोपनहेगनजवळ सेटेडॅमेन ही वसाहत झाली. तिथं प्रत्येकाचं घर वेगळं, पण सगळ्यांचं मिळून एक सामाईक घर आहे. दोन्ही ठिकाणी शेजार माणसांच्या मर्जीवर सोडलेला नाही, त्याला जागा आणि तास नेमून दिले आहेत. आपल्याकडे मन चांगलं असूनही शेजार जमत नाही, कारण हे नेमून देणं राहून जातं.

मग जागा कुठली? आपल्याकडे जागेची वाण नाही. पहिली म्हणजे कॉलनीचा ओपन स्पेस. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवायला सांगितलं आहे आणि जुन्या कॉलन्यांतही बहुधा अशी जागा असते. बहुतेक ठिकाणी तिथं काटेरी झुडपं, बांधकामाचा राडारोडा किंवा कुलूप लावलेलं फाटक दिसतं. दुसरी जागा देवळाचा सभामंडप, बुद्धविहार किंवा समाजमंदिर. तिसरी वसतिगृहाचा भोजनहॉल. दोन जेवणांच्या मध्ये तो रिकामाच असतो. चौथी घरमालकाची गच्ची. जुन्या धुळ्यात, नंबरांच्या गल्ल्यांत, हे काम घरापुढचा ओटा करायचा. नव्या कॉलनीत ओट्याची जागा कंपाउंडच्या भिंतीनं घेतली, म्हणून आता ठरवून जागा शोधावी लागते.

ऊन विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो. दुपारी ओपन स्पेसमध्ये कुणी फिरकणार नाही. सकाळी सहा ते आठ किंवा दिवेलागणीनंतरची वेळ धरा. पहिला खर्च सावलीचा आणि दिव्याचा करा. बाकं नंतर. कडुनिंबाची चार रोपं लावा आणि पाणी कुणी घालायचं ते त्याच दिवशी ठरवा, नाही तर जूनमध्ये लावलेलं झाड मार्चमध्ये वाळलेलं सापडतं.

जागा ठरली की किल्ली दोघांकडे द्या, एक कॉलनीतल्या माणसाकडे आणि एक विद्यार्थ्याकडे. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. किल्ली एकाच बाजूकडे असली की दुसरी बाजू पाहुणी होते, आणि पाहुण्याला खुर्ची मिळते, हक्क मिळत नाही. दरवर्षी काही विद्यार्थी जातात आणि नवे येतात, म्हणून जाणाऱ्यानं येणाऱ्याच्या हाती किल्ली सर्वांदेखत द्यायची. नियम तीनच ठेवा: रात्री दहानंतर आवाज नाही, जागा वापरणाऱ्यानं झाडून जायचं, आणि तक्रार आधी तिथं बोलायची, मग घरमालकाकडे किंवा पोलिसांकडे.

मुलींच्या वसतिगृहाबाबत थोडं जपून चला. तिथं कॉलनीला आत बोलावण्यापेक्षा मुलींना बाहेर निर्धास्त बसता येईल अशी उजेडाची जागा करा आणि आसपासच्या बायकांना आधी सामील करून घ्या. मुलींना संध्याकाळी सातला आत कोंडून ठेवण्यापेक्षा गल्लीत सातनंतर चार बायका बसलेल्या दिसणं ही जास्त खरी सुरक्षा आहे.

आता जमून करायचं काय? भाषणं ठेवू नका. हाताला काम द्या. रविवारी सकाळी दोन तासांची अभ्यासिका ठेवा. कॉलेजची मुलं कॉलनीतल्या दहावीच्या पोरांना गणित समजावतील आणि निवृत्त मास्तर त्या कॉलेजच्या मुलांचं इंग्रजी पाहतील. उन्हाळ्यात गच्च्यांवर बिबडे, कुरडया, पापड होतात तेव्हा वरच्या खोलीतल्या मुलामुलींना हाक मारा. त्यांच्या परीक्षा एप्रिल-मेपर्यंत चालतात, ती तिथंच असतात. हिवाळ्यात ओपन स्पेसमध्ये काड्यांवर वांगी भाजून एक भरीत-भाकरीची रात्र करा. वांगी कॉलनीची, भाकरी थापायला सगळे, मुलगेही. श्रावणात कानबाई देवी बसते. रोटांचा प्रसाद भाऊबंदकीपुरता असतो हे खरं, पण मिरवणूक सगळ्या गल्लीची असते. तिथं मुलांना बोलवा. आणि धडगावकडची मुलं होळीला गावी जाऊन आली की त्यांना त्यांच्या होळीबद्दल सांगायला लावा. सातपुड्यातली होळी किती मोठी असते, हे शंभर-दीडशे किलोमीटरवर राहून आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलंही नसतं.

काही गोष्टी टाळा. मुलांना फुकटचे स्वयंसेवक समजू नका. खुर्च्या उचलायला पोरं आणि स्टेजवर बसायला कॉलनी, असं झालं की दुसऱ्या वर्षी कुणी येत नाही. वर्गणीनं सुरुवात करू नका. ज्याचं महिन्याचं गणित मेसच्या बिलावर अडतं, त्याच्याकडे पावती पुस्तक नेणं म्हणजे त्याला येऊ नको म्हणणं. आणि ‘काय भो, कुठला?’ असं जरूर विचारा, पण त्यामागून आडनाव खणू नका. तो प्रश्न कशासाठी असतो, हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही नीट माहीत असतं.

घरमालकांना वेगळं सांगायचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तोंडी व्यवहारावर चार कॉट टाकून मोकळं होऊ नका. करारात पाणी, गाड्या आणि कचरा या तीन गोष्टी आधीच लिहिल्या तर निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत. आणि नवी मुलं आली की त्यांना घेऊन शेजारच्या चार दारांवर जा. त्याला दहा मिनिटं लागतात.

गृहपालांनो, इमारतीची शिस्त तुमची, हे मान्य. पण वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये प्रवेश संपले की, गल्लीतल्या लोकांना भोजनहॉलमध्ये बोलवा आणि मुलांना आपापलं नाव, गाव आणि शिकतोय काय एवढंच सांगू द्या. मुलगा रात्री तापानं फणफणला तर कुणाचं दार वाजवायचं, हे त्याला त्या दिवशी कळलेलं असेल.

मुलांनो, तुम्हालाही सांगतो. तुम्ही भाडेकरू आहात, पण शेजारीही आहात. नळाला पाणी रोज न येणाऱ्या शहरात टाकी वाहू देणं ही चूकच आहे, तिथं वयाचं कारण चालत नाही. कॉलनीत अशी कितीतरी घरं आहेत, जिथली मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला आहेत आणि मागं दोघं म्हातारी माणसं राहतात. तुमचे आईवडील गावात एकटे, हे इथं एकटे. जिना उतरताना ‘काकू, मेडिकलमधून काही आणायचं का?’ एवढं विचारा. उपकार म्हणून नको. उद्या तुम्हालाही त्या दाराची गरज पडणार आहे.

हे सुरू करायला सरकारी परवानगी लागत नाही, ठराव लागत नाही, निधी लागत नाही. दोन माणसं लागतात, एक कॉलनीतला आणि एक खोलीतला. तुम्ही यांपैकी जे असाल ते, या रविवारी दुसऱ्याच्या दारावर जा, जागा आणि वेळ ठरवा, आणि दोन किल्ल्या करून घ्या.