टपालाची आण

त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांत रोह्याच्या सासुरवाशिणीनें पेणच्या माहेरीं धाडलेलें पत्र वाटेंत कोणी उघडूं नये, ही मर्यादा परक्या सरकारनेंहि मानली होती. इंग्लंडांत १७११ पासून टपालनोकरास पत्र न उघडण्याची शपथ घ्यावी लागे. आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्यानें पत्र चोरणाऱ्या नोकरास सात वर्षांपर्यंत, व कर्तव्य सोडून तें उघडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली होती. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमानें सरकारनें मात्र पत्रें अडविण्याचा अधिकार आपल्या हातीं राखला होता.

हा कायदा परक्या राज्याचें जोखड म्हणून काढून २०२३ चा नवा कायदा झाला. आमचा प्रश्न इतकाच, कीं त्यांतलें जोखड कोणतें? शिक्षेचीं कलमें त्याच वर्षीं गेलीं. अडविण्याचा अधिकार मात्र नव्या कायद्याच्या ९ व्या कलमांत शाबूत आहे! चोरीसाठीं सामान्य फौजदारी कायदा आहेच, असें कोणी म्हणेल. परंतु पत्र उघडून, वाचून पुन्हां चिकटविलें, तर त्यास चोरी म्हणावें कसें? आमचा पोस्टमन इमानी आहे, हें आम्ही जाणतों. म्हणूनच त्याच्या इमानास कायद्याचा आधार परत द्यावा, असें आमचें मागणें आहे.