मुखपृष्ठावरील बिननावाची गायिका

संगीतविषयक मासिके, दिवाळी अंक आणि संमेलनांच्या स्मरणिका आमच्याकडे बरीच वर्षे येत आहेत. आतील लेखांवर वाद झडतात. मुखपृष्ठाविषयी मात्र कोणी बोलत नाही. वास्तविक, अंक उघडण्यापूर्वीच वाचकाच्या मनात संगीताचे जे चित्र उमटते, ते मुखपृष्ठाने उमटवलेले असते.

नुकताच असा एक अंक हाती आला. चांदणी रात्र, कमळांचे तळे, काठावर दागिन्यांनी मढलेली एक सुंदर स्त्री आणि मांडीवर तंबोरा. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरे छान उठतात. चित्रकाराचा हात चांगला आहे, यात शंका नाही. परंतु तंबोऱ्याला खुंट्या सहा, आणि दांडीवर सतारीसारखे पडदे! आमच्या वडिलांनी तरुणपणी दरबारी चाकरीत तंबोरे लावले. घोडीवर तारेखालचा धागा केसभर सरकवून जवारी उघडली की ते म्हणत, "आता बोलला." मधले बोट पहिल्या तारेवर, तर्जनी उरलेल्या तिन्हींवर, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. चित्रातील बाईंची बोटे तारांना लागलेलीच नाहीत.

ही चूक सुधारता येईल. बोचली ती दुसरीच गोष्ट. शिकायला येणाऱ्या एका मुलीने अंक पाहून विचारले, "सर, ह्या कोण?" आम्ही म्हटले, "कोणी नाही, नुसते चित्र आहे." उत्तर देऊन झाले आणि आमचे आम्हालाच खटकले.

चांदण्यातली, वाद्य घेतलेली ही रूपवती आपल्याकडे रविवर्म्याच्या तैलचित्रांतून आणि घरोघरी लागलेल्या छापील तसबिरींतून रुळली. त्या चित्रांसाठी ज्यांचा चेहरा घेतला गेला असे सांगतात, त्यांत अंजनीबाई मालपेकरांचे नाव येते. अंजनीबाईंचा जन्म १८८३ सालचा, गोव्यात पेडणे महालातील मालपे गावचा. १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांच्या ताब्यात असलेला हा मुलूख आपल्याला परका नाही. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांची तालीम बाईंनी लहानपणापासून घेतली. सोळाव्या वर्षी मैफल केली. नाव गाजत असतानाच, १९२३ च्या सुमारास, त्यांनी मैफलीचे गाणे सोडले. पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप दिली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९७४ साली त्या गेल्या. रूपाची कीर्ती चित्रांबरोबर पसरली, विद्या मात्र शिष्यांच्या कंठात उरली. आज कितीजणांना हे नाव ठाऊक आहे?

गोव्याच्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी आपल्या गावाचे नाव गाण्याबरोबर नेले. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी मोगूबाईंच्या आडनावात ते अजून आहे. ज्यांनी गाव जगवले, त्यांच्यासारख्या एखादीचे चित्र छापताना खाली नाव नसावे, ही साधी चूक नव्हे. समाजाने या स्त्रियांचे गाणे ऐकले आणि नाव घ्यायला कचरला. ती जुनीच खोड रंगीत कागदावर पुन्हा उमटते.

वाद्यांचेही तेच. सरस्वतीची वीणा मुखपृष्ठावर शेकडो वेळा आली. घुमट किती वेळा आले? डिचोलीकडचे कुंभार मातीचे हे भांडे दोन तोंडांचे घडवतात. मोठ्या तोंडावर कातडे ताणतात, लहान तोंड उघडे ठेवून त्यावर तळहाताने नाद घुमवायचा. पूर्वी घोरपडीचे कातडे लागे. वन्यजीव कायद्याच्या बंदीमुळे आता बकऱ्याचे लावतात. शामेळ आणि कांसाळ्यांबरोबर सुवारीत ते वाजते, चतुर्थीच्या आरतीत वाजते आणि ख्रिस्ती घरांतील मांड्यालाही साथ करते. २०१९ साली गोवा सरकारने त्याला वारसा वाद्य ठरवले. चाकावरचे कच्चे घुमट आणि त्यावरचे मातीने माखलेले हात, याहून उत्तम मुखपृष्ठ कोणते?

संपादक मंडळींकडे मागणे मोठे नाही. वाद्य काढण्यापूर्वी ते एकदा वाजवणाऱ्याला दाखवावे. चेहरा छापला तर त्याखाली नाव, गाव आणि गुरूचे नाव द्यावे. आतील पानावर चित्रकाराचे व वाद्य घडवणाऱ्याचेही द्यावे. चार ओळींची जागा पुरे. देवीचे चित्र खुशाल छापावे. देवीला ओळख लागत नाही. माणसाला लागते.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी अंजनीबाईंविषयी सांगितले. तिने वहीत नाव लिहून घेतले आणि विचारले, "मग त्यांचा फोटो मुखपृष्ठावर का नाही?" हा प्रश्न आम्ही संपादकांकडे पाठवीत आहोत.