पेरणीपूर्वीची मशागत

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील फोपनारसारख्या गावी केळी लावावयाची झाली, म्हणजे शेतकरी आधी जमीन नांगरतो, शेणखत घालतो आणि मगच कंद लावतो. घरात येणाऱ्या बाळाच्या बाबतीत मात्र आपली मशागत फार उशिरा सुरू होते.

जगात जन्मणाऱ्या शंभर बालकांपैकी सुमारे सहा बालकांना काही ना काही जन्मजात व्यंग असते. कोणाचा ओठ दुभंगलेला, कोणाचे पाऊल वळलेले, कोणाच्या हृदयास छिद्र. असे मूल जन्मले की शेजारीपाजारी कुजबुजतात, "ग्रहणात हिने भाजी चिरली असेल!" मायबहिणींनो, हा समज सर्वथा खोटा आहे. आधीच दुःखी झालेल्या मातेस बोल लावणे हे केवळ अज्ञान नव्हे, तो अन्याय आहे.

पुष्कळ व्यंगांचे कारण शास्त्रासही उमगलेले नाही. परंतु काही व्यंगे टाळता येतात. बाळाचा मेंदू व पाठीचा मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो, ती गर्भधारणेनंतर अवघ्या २८ दिवसांत मिटते. ती उघडी राहिली, तर कण्याचे किंवा मेंदूचे व्यंग उद्भवते. त्या वेळी आपणांस दिवस गेले आहेत, हेही पुष्कळ मातांना ठाऊक नसते! पूर्वी असे मूल झालेल्या मातांना गर्भधारणेआधीपासून फॉलिक आम्ल दिले असता तेच व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण शेकडा ७२ ने घटते, असे १९९१ साली सिद्ध झाले.

म्हणून मूल हवे असेल, तर निदान एक महिना आधीपासून गर्भाचे तीन महिने पुरे होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे. पूर्वी असे मूल झाले असल्यास मात्रा अधिक लागते; ती डॉक्टरांनी ठरवावी. रुबेलाची लस गर्भारपणी देत नाहीत, ती आधीच टोचून घ्यावी. मधुमेह असल्यास तो आधीच आटोक्यात आणावा. दारू व तंबाखू वर्ज्य करावी. मामे-आतेभावंडांचे विवाह टाळावेत.

इतके करूनही व्यंग उद्भवलेच, तर मूल लपवू नका. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात. वळलेले पाऊल तान्हेपणी प्लास्टर बांधून बहुधा सरळ होते; दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने सांधतो. आशाताईंना आजच विचारा. मूल जसे आले तसे ते आपले आहे. त्याला हवा उपचार आणि त्याच्या आईला हवा आधार.