अंशाचे वर्गणीदार

ज्या वाचकाला एखाद्या संकेतस्थळावरील केवळ चार ओळींशी कर्तव्य आहे, त्याला त्या ओळी बदलल्या की नाहीत एवढे पाहण्यासाठी दिवसातून अनेकदा संपूर्ण पृष्ठ उघडावे लागावे आणि त्यावरील जाहिराती, चित्रे व असंबद्ध मजकूर यांचा भार प्रत्येक वेळी सोसावा लागावा, ही व्यवस्था आपण इतक्या निमूटपणे पत्करली आहे की तीत बदल होऊ शकतो, किंबहुना एके काळी तो झालाही होता, याचे स्मरण फार थोड्यांना उरले आहे. मायक्रोसॉफ्टने १९ मार्च २००९ रोजी प्रसिद्ध केलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ या ब्राउझरात ‘वेब स्लाइस’ नावाची सोय होती. पृष्ठाची नव्हे, तर पृष्ठाच्या एका अंशाची वर्गणी वाचकाला घेता यावी, हा तिचा हेतू होता.

ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाचा दाखला प्रारंभी दिला जाई, आणि तो अत्यंत समर्पक होता. विक्रीस काढलेल्या वस्तूच्या नोंदीवर माऊसचा बाण नेला की तिच्याभोवती चौकट उमटे व शेजारी हिरवे चिन्ह दिसे. त्यावर क्लिक करून संमती दिली की तेवढाच भाग ब्राउझरच्या वरच्या फेव्हरिट्स पट्टीत नावानिशी जाऊन बसे. पुढे ब्राउझर ठराविक कालावधीने स्वतःच त्या पृष्ठाकडे विचारणा करी. बोली वाढली असेल तर पट्टीवरील ते नाव ठळक अक्षरांत दिसू लागे, आणि त्यावर क्लिक करताच एका लहान खिडकीत चालू किंमत व लिलावाची उरलेली मुदत एवढाच तपशील उघडे. वाचक ज्या कामात असेल ते पृष्ठ सोडण्याचे त्याला कारण पडत नसे.

पृष्ठकर्त्याकडून यासाठी जी अपेक्षा होती तीही माफक होती. ज्या भागाची वर्गणी घेण्याची मुभा द्यावयाची, त्याला एक स्वतंत्र ओळख व ‘एचस्लाइस’ हे वर्गनाम द्यावयाचे, त्यातील शीर्षकाला ‘एन्ट्री-टायटल’ आणि मजकुराला ‘एन्ट्री-कन्टेन्ट’ म्हणावयाचे, की मुख्य काम संपले. यांतील शेवटची दोन नावे एचअ‍ॅटम या खुल्या संकेतपद्धतीतून घेतलेली होती, त्यामुळे कोणालाही नवी परिभाषा मुळापासून शिकावी लागत नव्हती. किती मिनिटांनी पुन्हा विचारणा करावी हे ‘टीटीएल’ या तरतुदीने सांगता येई, आणि ‘एंडटाइम’ या दुसऱ्या तरतुदीने वर्गणीची अखेरची वेळही नोंदवता येई. लिलाव संपला की विचारणा संपली. ज्या वर्गणीला स्वतःची मुदत ठाऊक आहे आणि ती सरताच जी वाचकाला न छळता आपोआप निवर्तते, अशी वर्गणी आजच्या व्यवहारात शोधूनही सापडत नाही. म्हणून या लहानशा तरतुदीचे मोल मला सर्वांत अधिक वाटते.

तथापि या योजनेत एक मूलभूत उणीव होती. पृष्ठाचा कोणता अंश वेगळा काढता येईल, त्याची हद्द कोठे सुरू होते व कोठे संपते, हे ठरविण्याची मुखत्यारी पृष्ठाच्या मालकाकडे राहिली. वाचकाच्या हाती केवळ होकार किंवा नकार उरला. अ‍ॅपलने ऑक्टोबर २००७ मध्ये मॅक ओएस टेन लेपर्डबरोबर जी ‘वेब क्लिप’ दिली होती तिची रीत याच्या नेमकी उलट होती: सफारी ब्राउझरात उघडलेल्या कोणत्याही पृष्ठावर वाचकाने आपल्या हाताने चौकट आखावयाची आणि तो भाग डॅशबोर्ड या मॅकवरील छोट्या साधनांच्या पडद्यावर नेऊन ठेवावयाचा. तेथे मालकाची अनुमती लागत नव्हती. परंतु त्याने पृष्ठाची मांडणी बदलली की वाचकाने आखलेली चौकट भलत्याच मजकुरावर जाऊन पडण्याचा धोका होता. एका पद्धतीत स्थैर्य होते पण स्वातंत्र्य नव्हते, दुसरीत स्वातंत्र्य होते पण स्थैर्य नव्हते. आणि या दोहोंचा मेळ घालण्याचा गंभीर प्रयत्न होण्यापूर्वीच दोन्ही कालबाह्य ठरल्या. डॅशबोर्ड २०१९ मध्ये मॅकवरून नाहीसा झाला. संकेतस्थळांवरील नव्या मजकुराची वर्गणी घेण्याच्या इतर साधनांचीही हीच गत झाली: फायरफॉक्सने आपले ‘लाइव्ह बुकमार्क्स’ २०१८ च्या डिसेंबरात काढून टाकले होते, आणि गूगलचे ‘रीडर’ तर १ जुलै २०१३ रोजीच बंद पडले होते.

या सर्व साधनांचा अंमल एकामागून एक संपावा याचे कारण केवळ तांत्रिक होते असे मला वाटत नाही. ज्याचे उत्पन्न पृष्ठ किती वेळा उघडले गेले यावर अवलंबून आहे, तो मालक वाचकाने पृष्ठ न उघडताच आपला कार्यभाग साधावा यासाठी आपण होऊन चौकटी आखून देईल, ही अपेक्षाच मुळात दुर्बळ होती. जी सोय वाचकाच्या हिताची आहे तिची किल्ली ज्याचे हित विरुद्ध दिशेला आहे त्याच्या स्वाधीन केल्यावर दुसरे काय घडणार होते?

पुढे २०१५ पासून क्रोम ब्राउझरात जी ‘पुश नोटिफिकेशन’ची पद्धत आली तिने वर्गणीचा अर्थच पालटला. वेब स्लाइसमध्ये विचारणा वाचकाचा ब्राउझर करी आणि बदल झाल्याची खूण पट्टीवर शांतपणे वाट पाहत राही. नव्या पद्धतीत वाचकाने एकदा परवाना दिला की कोणता मजकूर, किती वेळा आणि कोणत्या क्षणी पाठवावयाचा हे सारे पाठविणारा ठरवितो, आणि वाचकाच्या एकाग्रतेचा भंग करण्याचा अधिकारही त्याच परवान्यातून मिळवितो. एखाद्या पृष्ठावर पाऊल ठेवताच, त्यातील एक अक्षरही वाचण्यापूर्वी, असा परवाना मागितला जातो याचा मला मनापासून खेद वाटतो.

पृष्ठाच्या अंशावर लक्ष ठेवण्याची गरज मात्र संपलेली नाही. डिस्टिल किंवा चेंजडिटेक्शन यांसारखी साधने वापरणारे लोक आजही पृष्ठावरील एखादा आकडा निवडून त्यावर पाळत ठेवतात, आणि मांडणी बदलली की पुन्हा आरंभापासून तजवीज करतात. खाजगी मालकाच्या अडचणी मी समजू शकतो. परंतु ज्या पृष्ठांचा जाहिरातींशी काही संबंध नाही, ज्यांचे अस्तित्वच लोकांना माहिती देण्यासाठी आहे, अशा सार्वजनिक दप्तरांना तर कोणतीही सबब उरत नाही. धरणातील पाणीसाठा, लासलगावच्या बाजारातील कांद्याचा भाव, परीक्षेच्या निकालाची तारीख, अर्ज स्वीकारण्याची अखेरची मुदत: या प्रत्येक गोष्टीत नागरिकाला पृष्ठ नको असते, एक ओळ हवी असते, आणि ती ओळ निश्चित नावाच्या चौकटीत ठेवून ती अद्ययावत करण्याचा कालावधी व समाप्तीची वेळ नोंदविणे हे कोणत्याही संकेतस्थळाच्या व्यवस्थापकाला सहज जमण्याजोगे काम आहे. त्यासाठी नव्या संशोधनाची प्रतीक्षा करण्याचेही कारण नाही, कारण वेब स्लाइसची रचना मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘ओपन स्पेसिफिकेशन प्रॉमिस’ या जाहीर हमीखाली इतरांच्या वापरासाठी त्याच काळात खुली केली होती.