हेक्टरी उताऱ्यावरून शेतकऱ्याची कुवत ठरत नाही

महाराष्ट्राच्या शेतीची चर्चा निघाली, की कापसाचा आकडा हमखास पुढे येतो. कापसाखालचे देशातले सर्वांत मोठे क्षेत्र या राज्यात, पण उतारा हेक्टरी ३५० किलो रुईच्या आसपास. जगाची सरासरी ७५०च्या वर, ऑस्ट्रेलियाची २,०००च्या घरात. मग निष्कर्ष काढला जातो, की इथला शेतकरी अकार्यक्षम आहे, त्याला शेती करता येत नाही. तज्ज्ञांच्या भाषणांतून आणि अग्रलेखांतून हा निष्कर्ष इतक्यांदा आला आहे, की तो तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

या म्हणण्यात तथ्य आहे तेवढे आधी मान्य केले पाहिजे. जमीन वाढत नाही, उलट वाटण्या होऊन धारणक्षेत्र पिढीगणिक लहान होते आहे. त्यामुळे हेक्टरी उतारा मोजायलाच हवा. पण उतारा सांगतो तो फक्त जमिनीचा हिशेब. पिकात पाणी, खत, मजुरी, बैल, डिझेल आणि कर्जाचे व्याजही जाते. ते सारे वगळून काढलेल्या आकड्याला कार्यक्षमता म्हणणे हा हिशेबातला उघड घोटाळा आहे.

कापसाचेच पाहू. महाराष्ट्रातला ९० टक्क्यांहून अधिक कापूस कोरडवाहू आहे, ऑस्ट्रेलियातला बहुतांश ओलिताचा. विदर्भातल्या हलक्या जमिनीत जुलैचा खंड पडला, तर दुबार पेरणीची वेळ येते. तिथला शेतकरी कापसात तुरीच्या ओळी घेतो. एक पीक गेले, तर दुसरे हाताशी राहावे म्हणून. कापसाच्या उताऱ्यात या तुरीचा दाणाही दिसत नाही.

ज्वारीवर याहून मोठा अन्याय होतो. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला मालदांडी उभी असते. पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी शेतात खुंट्या रोवतात, दोरी ताणून ठरावीक मापाचा चौकोन आखतात, त्यातली कणसे खुडून, झोडून दाणे काट्यावर चढवतात. उताऱ्यात धरले जातात ते हे दाणे. बाजूला पडलेला कडबा त्यात येत नाही. पण दुष्काळी वर्षात गोठ्यातली जनावरे जगतात ती त्या कडब्यावर, आणि टंचाईत त्याचे मोल धान्याच्या बरोबरीने बोलले जाते. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीने धान्याचा उतारा वाढवला, पण तिची ताटे बुटकी होती आणि पावसात सापडलेले दाणे काळे पडत. अशा वाणांकडे अनेकांनी पाठ फिरवली, तेव्हा त्यांना मागासलेले ठरवले गेले. प्रत्यक्षात त्यांचा हिशेब सरकारी हिशेबापेक्षा पुरा होता.

उलट बाजूला ऊस. त्याचा हेक्टरी उतारा अभिमानाने सांगितला जातो. पण आडसाली ऊस १६ ते १८ महिने रान अडवून बसतो, तर उत्तर प्रदेशातला ऊस साधारण १० ते १२ महिन्यांत तुटतो. महिन्यामागे किती टन, हा प्रश्न कोणी विचारत नाही. राज्याच्या पीकक्षेत्रात चार-पाच टक्क्यांचा वाटा असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा हिस्सा पिते. नाबार्ड आणि इक्रिअर या संशोधन संस्थेने २०१८मध्ये देशातल्या प्रमुख पिकांची जल-उत्पादकता मोजली. जमिनीच्या मापाने पुढे असलेला महाराष्ट्राचा ऊस सिंचनाच्या पाण्याच्या मापाने बिहार आणि उत्तर प्रदेशच्या मागे पडला. भातात पंजाबचेही तेच झाले. तिथे भूजलाचा उपसा वार्षिक उपलब्धतेच्या दीडपटीहून जास्त आहे.

वाढीचे श्रेय वाटतानाही एकाच आकड्याने दिशाभूल होते. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत देशाचा उतारा झपाट्याने वाढला आणि श्रेय सगळे बियाण्याला गेले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२०मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये दाखवून दिले, की याच काळात खतांचा वापर आणि सिंचनही वाढले होते. पुढे उतारा थबकला, खर्च मात्र चढत राहिला.

मग मोजावे कसे? वाट नवी नाही. सर्व उत्पादनाला सर्व निविष्ठांनी भागायचे, याला अर्थशास्त्रात एकूण घटक उत्पादकता म्हणतात. उत्पादन १० टक्क्यांनी वाढले आणि निविष्ठा २० टक्क्यांनी, तर उत्पादकता घटली, मग उतारा कितीही चढो. कार्यक्षमतेचा अर्थ अर्थशास्त्रज्ञ मायकेल फॅरेल यांनी १९५७मध्येच स्पष्ट केला होता. तेवढ्याच साधनांत उत्तम काम करणारा जिथवर पोचतो, तिथून इतर किती मागे आहेत, ते पाहायचे. म्हणजे यवतमाळच्या मुरमाड रानाची तुलना यवतमाळच्याच तशा रानाशी व्हायला हवी, आणि तीही पाच-दहा वर्षांच्या सरासरीवर, कारण एका वर्षाचा आकडा बव्हंशी पावसाचा असतो.

इतकी माहिती आणायची कुठून, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. केंद्राची लागवड खर्च योजना १९७०-७१पासून चालू आहे आणि राज्यात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ ती राबवते. मजुरीचे तास, खतांच्या मात्रा, मुख्य उत्पादन आणि कडब्यासारखे दुय्यम उत्पादनही त्यात नोंदले जाते. नमुना सर्वेक्षणाने पिकाचा अंदाज बांधण्याची शास्त्रीय पद्धत देशात रुजवणाऱ्यांत साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. मापाचा चौकोन फार लहान घेतला, तर उतारा फुगतो, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले. त्यांच्या राज्याने आज अर्धवट मापावर समाधान मानू नये.

राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी पिकांचे क्षेत्र, उत्पादन आणि हेक्टरी उतारा छापते. त्याच तक्त्यात घनमीटर पाण्यामागचे उत्पादन, चारा-आंतरपिकासह एकूण मूल्य आणि एकूण घटक उत्पादकता असे तीन रकाने शासनाने वाढवावेत. तोवर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला अकार्यक्षम म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.