अर्धवट सोडण्याचे पाप?

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी नुकताच एक कलह झाला. निमित्त क्षुल्लक होते. नातवाबरोबर आम्ही ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहत होतो. तिचे दुसरे सत्र सहाव्या भागावर आम्ही बंद केले. घरातील वडीलधाऱ्यांस ते रुचले नाही. देवळात भेटलेल्या एका स्नेह्यांनी तर ‘‘मुलांस धरसोड शिकवता!’’ असा ठपका ठेवला. या ठपक्याचा आम्ही स्पष्ट शब्दांत इन्कार करतो.

आम्ही अरसिकपणे उठलो असे कोणी समजू नये. सन 2019 चे पहिले सत्र, बाराच्या बारा भाग, आम्ही श्वास रोखून पाहिले. प्रेमळ ‘मामा’च्या छायेत वाढणाऱ्या अनाथ मुलांस एके रात्री कळते की, आपल्याला राक्षसांच्या ताटासाठी पोसले जात आहे, आणि ती चिमुरडी केवळ बुद्धीच्या बळावर पलायन रचतात. उत्तम कथा! परंतु 2021 च्या दुसऱ्या सत्रात काय घडले? काइउ शिराई यांनी लिहिलेली आणि पोसुका देमिझु यांनी चितारलेली मूळ चित्रकथा 181 प्रकरणांची, 20 खंडांची. तिचा उरलेला प्रचंड भाग अकरा भागांत कोंबण्यात आला. भूमिगत आश्रयस्थानी मुलांना भेटणारा, सोबत्यांच्या मृत्यूने होरपळलेला तुसडा युगो मालिकेतून पार नाहीसा झाला. राक्षसांच्या शिकारवनाचा सबंध प्रसंग वगळला गेला. मुलांची भीती ज्यातून उभी राहावयाची तेच काढून टाकल्यावर उरते काय? शेवटच्या भागात तर पुढील घटना स्थिर चित्रांच्या मालिकेत उरकल्या आहेत, असे आम्हांस मागाहून कळले.

आता आक्षेपाकडे वळू. आरंभिलेले कार्य उत्तम पुरुष टाकीत नाहीत, हे भर्तृहरीचे वचन आमच्या तोंडावर फेकण्यात आले. त्या श्लोकात विघ्नांची गोष्ट आहे. विघ्नाला भिऊन सत्कार्य सोडू नये, हे आम्हांसही मान्य. पण पोकळ कथा हे विघ्न नव्हे आणि ती पाहणे हे सत्कार्यही नव्हे. गुरुचरित्राचे पारायण आपण मध्येच टाकीत नाही, कारण तेथे उदक सोडून संकल्प केलेला असतो. दूरदर्शनसंचासमोर बसताना कोणी उदक सोडले होते?

ज्या बडोद्यात सतराव्या शतकात प्रेमानंद आख्याने रचून गात होता, तेथे तरी हा आक्षेप निघावयास नको होता. बोटांतील अंगठ्या तांब्याच्या माणेवर वाजवीत रात्रीमागून रात्री नळाची कथा सांगणाऱ्या माणभट्टास श्रोता उद्या पुन्हा येईल याची हमी कोण देणार? ती त्याला दररोज आपल्या गळ्याने आणि कथेने मिळवावी लागे. ऊठ म्हटले की उठणारा श्रोता समोर असल्यानेच ती कला तेजस्वी राहिली.

आमच्या उत्सवांतील कार्यक्रम नीरस झाल्याची ओरड आम्ही सर्वच करतो. पण भिडेखातर शेवटपर्यंत बसतो, टाळ्या वाजवितो, आणि पुढील वर्षी तेच वक्ते पुन्हा बोलावतो. हे सौजन्य नव्हे, आळस आहे. नातवाने तोच आळस अंगी बाणवावा काय?

चित्रे काढणाऱ्यांचे श्रम वाया जातात, हा युक्तिवाद मात्र आम्हांस थोडा टोचला. ते श्रम खरेच मोठे. तथापि कथा कापली ती त्यांच्या कुंचल्याने नव्हे.

उरले पाच भाग, म्हणजे जेमतेम दोन तास. नातू त्या वेळात मूळ चित्रकथा वाचू लागला असून त्याला युगो भेटला आहे. तीही पुढे कंटाळवाणी झाली तर खुशाल मिटावी, असे आम्ही त्यास सांगून ठेवले आहे.