चांदा : पाहा चंद्रपूर

मराठी पुस्तकाचे शेवटचे पान उलटले की काय दिसते? बहुधा त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात. सूची क्वचितच. ग्रंथ चारशे पानांचा असो, 'वैरागडच्या किल्ल्याविषयी कुठे लिहिले आहे?' या प्रश्नाला उत्तर एकच : पुन्हा पहिल्या पानापासून वाचा! म्हणूनच, वनखात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानावर पुस्तक लिहिले आणि "गुरुजी, याची सूची तुम्ही करा," असे म्हटले, तेव्हा मी आनंदाने मान डोलावली.

पानांचे आकडे ही सूचीतली सोपी बाजू. पूर्वी एकेका शब्दाची चिठ्ठी करून ती बुटांच्या खोक्यात अनुक्रमे लावायची आणि छापखान्यातून शेवटची मुद्रिते आली की आकडे भरायचे. एक चित्र पुढे सरकले की सगळे मुसळ केरात! आता तसे नाही. नागपूरला माझा पुतण्या संगणकावर अक्षरजुळणी करतो, ती 'लाटेक' नावाच्या आज्ञावलीत. डोनाल्ड कनुथ नावाच्या अमेरिकन पंडिताला आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी बेढब वाटली, की 1977 साली त्याने अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच रचायला घेतली. तिचे नाव टेक. लाटेक ही तिच्यावर पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी चढवलेली माडी. मजकुरात शब्दाशेजारी एक खूण करून ठेवायची. छापताना ती दिसत नाही, पण पान सरकले की सूचीतला आकडाही मुकाट्याने सरकतो.

खरी सूची सुरू होते ती 'पाहा' या शब्दापाशी. वाचकाच्या ओठांवर एक नाव असते, पुस्तकात दुसरे. त्याला हाताला धरून इकडून तिकडे नेणारी नोंद ती ही. आणि आमच्या जिल्ह्यांइतकी तिची गरज कुठे असेल असे मला वाटत नाही. चांद्याचे चंद्रपूर 1964 साली झाले, पण शहरातल्या एका स्टेशनाच्या पाटीवर अजून 'चांदा फोर्ट'च आहे. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्लारशा. गाव भद्रावती, स्टेशन भांदक. तालुका देसाईगंज, स्टेशन वडसा. जुनी नावे रेल्वेने लोणच्यासारखी मुरवून ठेवली आहेत! त्यात 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. तेव्हा 1909 च्या गॅझेटियरातला 'चांदा जिल्हा' शोधणाऱ्याला एका नव्हे, दोन नावांकडे धाडावे लागते.

जनावरांचेही तेच. इकडचा रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय, कोळसून म्हणजे रानकुत्रा. नद्यांची गोष्ट निराळी. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती पुढे सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. इथे नुसते 'पाहा' चालत नाही, कारण वैनगंगेला तिची स्वतःची पाने आहेत. ती देऊन पुढे 'हेही पाहा प्राणहिता' असे लिहावे लागते.

ही नोंद लाटेकात करायची रीत सोपी आहे. खुणेत शब्दापुढे एक उभी रेघ ओढायची, इंग्रजीत 'सी' लिहायचे आणि महिरपी कंसात गंतव्य नाव. मग त्या जागी पानाचा आकडा छापलाच जात नाही. छापील सूचीत 'सी'ऐवजी 'पाहा' यावे म्हणून सुरुवातीला एकदाच सांगून ठेवले की झाले. मात्र ही खूण एकदाच करायची, बरे का! दोन पानांवर केली तर सूचीत 'चांदा, पाहा चंद्रपूर, पाहा चंद्रपूर' असे छापून येते, एखाद्या आजीने जाताना दोनदा बजावावे तसे. म्हणून पुतण्या या साऱ्या खुणा एके ठिकाणी ठेवतो आणि 'हेही पाहा'च्या अगदी शेवटी, म्हणजे त्या आकड्यांच्या मध्येच घुसत नाहीत.

संगणकाला दोन गोष्टी कळत नाहीत. एक म्हणजे आपली वर्णमाला. त्याच्या लेखी ळ हा ल चा सख्खा शेजारी, म्हणून 'कोळसून' आधी आणि 'कोसा' मागून. आपण ळ ला ह नंतर बसवतो, हे त्याला वेगळे शिकवावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्याच्याकडे वाचकाला धाडले ते घर मुळात आहे की नाही, हे लाटेकाचा जुना सूचीकार तपासत नाही. रोह्याकडून नीलगाईकडे आणि नीलगाईकडून पुन्हा रोह्याकडे असा सरकारी कचेरीतला हेलपाटाही तो बिनतक्रार छापील!

पण खरी अडचण आमच्या दोघांत आली. मोह हा रानाचा राजा, पुस्तकात त्याला अकरा पाने. सिरोंच्याकडे तेलुगूत तो 'इप्पा'. गोंडी-माडिया नावे निराळी. मी 'इप्पा : पाहा मोह' अशा नोंदी घालू लागलो, तसे स्नेही म्हणाले, "गुरुजी, ही नावे सूचीत शोधणार कोण? शास्त्रीय नि मराठी नावे पुरेत. फॉर्म वाढतो म्हणून प्रकाशक आधीच कुरकुरताहेत."

मी म्हटले, "धानोऱ्याच्या आश्रमशाळेतली मुलगी शोधील. घरी आजीच्या तोंडून ऐकलेले नाव सूचीत नसेल, तर हे झाड पुस्तकात नाहीच असे ती समजेल. बरे, तुम्हांला झाडे ओळखायला कोणी शिकवले?"

ते काही बोलले नाहीत. शिकवले होते एका गोंड वनमजुराने, हे त्यांनीच प्रस्तावनेत लिहिले आहे. चार दिवसांनी ते जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन आले. नावे त्या मजुराच्या उच्चाराप्रमाणे टिपलेली होती. जागा करण्यासाठी त्यांनी स्वतःच्या सत्कार समारंभाची आठ पाने छायाचित्रे आपण होऊन काढून टाकली.

त्यावरही पुतण्याने फोनवर एक शंका काढली. "काका, ज्या झाडाला मुळात एकच पान आहे, त्याच्या गोंडी नावापुढे 'पाहा' कशाला? दोन्हीकडे आकडाच द्या ना. जागा तेवढीच लागते." सूची करणाऱ्यांचा हा जुनाच नियम आहे. मोहासारख्या बड्या नोंदींना 'पाहा' आणि बाकीच्या झाडांना थेट आकडे, असे ठरले. त्यामुळे सूचीत बरीचशी गोंडी नावे मराठी नावांच्या मांडीला मांडी लावून बसली आहेत, आपापले पान घेऊन.

आता मुद्रितशोधकांचा निरोप आला आहे : मराठी विश्वकोशात 'पहा' असते, तुम्ही सगळीकडे 'पाहा' का लिहिले? मी त्यांना व्याकरणाचे पुस्तक दाखवणार आहे. ते बधले नाहीत तरी चिंता नाही. तो शब्द संगणकात एकाच जागी बदलायचा आहे.